खंड्याचं दार

३ जुलै, गुरुवार

डायरी गेल्या सालची आहे. वार त्या सालाला बरोबर होते, आता चूक. रोज खोडून नवा वार टाकावा लागणार. शैलेशभाऊंनी दिली. म्हणाले, जंगलात कुठं काय दिसलं ते यात लिहीत जा. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. आता पक्षी लिहायचे.

झालंय असं की आषाढ लागला, लग्नं बंद. तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा फोटो स्टुडिओ म्हणजे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन. शैलेशभाऊ मालक, ते गल्ल्यावर बसून मोबाईल चोळतात. त्यात त्यांना कुठं तरी दिसलं की पावसाळ्यात कर्नाळ्याच्या अभयारण्यात तिबोटी खंड्या नावाचा पक्षी येतो आणि त्याच्या फोटोसाठी मुंबई-पुण्याची माणसं गाड्या काढून येतात. झालं. लगेच फ्लेक्स छापून आणला. 'पक्षीदर्शन व छायाचित्रण सहल. तिबोटी खंड्या हमखास.' वर पक्ष्याचा फोटो इंटरनेटवरचा, खाली त्याच्याहून मोठा शैलेशभाऊंचा. पक्षी त्यांनी अजून बघितलेला नाही. मी पण नाही.

शोधायचं काम माझ्याकडं. पक्षी दाखव, तुळशीच्या लग्नानंतर दुसरा कॅमेरा तुझ्या हातात, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणजे मी आणि झेरॉक्सवाला.

माझं काम काय, तर लाईट धरणं, पांढरी छत्री धरणं आणि मागचं साफ करणं. नवरा-नवरीच्या मागं प्लास्टिकची खुर्ची, पाण्याचा जार, पेंगणारा मामा, काही येता कामा नये. शैलेशभाऊ नुसतं 'गोरख, मागचं' म्हणतात आणि मी दोन मिनिटांत मोकळं करतो. मामाला पण उठवतो, आणि त्याला राग येऊ देत नाही. पण कॅमेऱ्याची बॅग उचलायची, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. गावाकडं आई सगळ्यांना सांगते, पोरगं पनवेलला फोटोग्राफर आहे. तिला हे मीच सांगितलंय.

५ जुलै, शनिवार

आज घरमालकिणीच्या शिव्या खाल्ल्या. गुणाबाई. मासे विकतात, पहाटे करंजा बंदरावर जाऊन माल आणतात आणि दुपारपर्यंत बाजारात बसतात. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाची खोली मला दिलीय. जुन्या मातीच्या भिंती, वर कौलं. पावसाळ्याच्या आधी त्यांनी बाहेरून खिडकीसकट सगळ्या भिंतीवर झाप बांधले. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेला पडदा. आत एवढा अंधार की दिवसा बूट सापडत नाही. आज सुट्टी होती, पाऊस थांबला होता. मी खिडकीवरचा एक झाप सोडला आणि गुंडाळून पडवीत ठेवला. किती बरं वाटलं. खोलीत उजेड आला, समोरचं शेवग्याचं झाड दिसलं. मागचं साफ झालं की माणसाचा चेहरा उठतो तसंच.

दुपारी बाई आल्या. पाटी खाली ठेवायच्या आधी भिंत बघितली.

"झाप कोनी काढला?"

म्हणलं, मी. उजेडासाठी.

"उजेड पायजे तर वट्यावर येऊन बस. भिंतीला पाऊस दाखवायचा नाय."

मी हसलो, तिथं चुकलो. मग त्यांनी माझ्या गावापासून सुरुवात केली. आमचा परांड्याकडचा भाग, घरांना धाबं असतं, वरून सपाट, पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहा घेतो आणि जातो. भिंतीला कुणी कपडे घालत नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मग जा तिकडं आणि तुझ्या भिंती नागड्या ठेव.

झाप मी परत बांधला नाही. उद्या बांधतो म्हणलं. खोली भाड्यानं घेतली म्हणजे खिडकी पण माझीच की.

७ जुलै, सोमवार

पेणच्या एसटीनं कर्नाळा. काही दिसलं नाही.

८ जुलै, मंगळवार

काही दिसलं नाही. माकडानं वडापाव नेला.

गेटवर गोमा म्हणून रखवालदार आहे, पलीकडच्याच ठाकरवाडीतला, माझ्याएवढाच असेल. तो पिशव्या तपासतो, प्लास्टिक आत न्यायचं नाही म्हणतो, वाट सोडायची नाही म्हणतो. मी विचारलं तिबोटी खंड्या कुठं. म्हणाला, जंगलात. एवढं बोलून लगेच दुसऱ्याच्या पिशवीत डोकं घातलं.

झाडांत नुसते आवाज. कुणी शीळ मारतंय, कुणी टाळ्या वाजवल्यासारखं करतंय, आणि वर बघितलं की पान. लग्नात निदान माणसं एका जागी उभी राहतात. संध्याकाळी शैलेशभाऊंनी विचारलं, काय? म्हणलं, आवाज आला. ते म्हणाले, आवाजाचा फोटो लोक विकत घेत नाहीत. सहल तेरा तारखेला ठरली, लोकांची नावं आलीत, आणि पक्ष्याचा पत्ता नाही. फ्लेक्सवर हमखास लिहिलंय त्यांनी, आणि घाम मला.

९ जुलै, बुधवार

दिसला.

वाट सोडून ओढ्याकडं उतरलो होतो, लघवीला. खरं ते लिहायचं. ओढ्याच्या पलीकडं मातीचा कडा आहे, डोक्याएवढा उंच. समोरून काही तरी सुंकन गेलं, आणि एका दगडावर बसलं. चिमणीएवढं. मी आधी समजलो कुणी चॉकलेटचा कागद टाकला. पोट पिवळं-केशरी, डोक्याला जांभळी झाक, पाठ निळी, चोच लाल. रंगपंचमीला एका पोरावर सगळ्यांनी रंग टाकावा आणि तरी तो देखणा दिसावा तसा. चोचीत छोटा खेकडा होता. तो दगडावर आपट आपट आपटला आणि मग सरळ कड्यावर उडाला. कड्यावरनं गवत आणि मुळ्या खाली लोंबत होत्या, पोराच्या कपाळावर केस यावेत तशा. त्यांच्या आत घुसला आणि गायब. थोड्या वेळानं बाहेर, खेकडा नाही.

म्हणजे आत घर आहे. पिल्लं आहेत.

मी तिथंच बसलो. पावसाची सर येऊन गेली, डास चावले, उठलो नाही. दोघं आहेत, नवरा-बायको, आळीपाळीनं येतात. भूक लागलेली कळली नाही. असं मला कधी होत नाही, मी कुठं पाच मिनिटं बसत नाही, आई म्हणते तुझ्या बुडाला काटे आहेत.

गोमाला काही सांगितलं नाही. ज्यानं जंगलात म्हणून सांगितलं त्याला आपण का सांगायचं.

एकच वांधा. घराचं दार दिसत नाही. पक्षी येतो, झुप्पकन मुळ्यांत जातो. फोटोत काय येणार, गवत.

११ जुलै, शुक्रवार

आज काम केलं. स्टुडिओतली फुलं कापायची कात्री नेली. दोघं पाखरं लांब गेलेली बघितली आणि कड्यावरचं लोंबतं गवत, मुळ्या, एक नेच्याचं झुडूप, सगळं कापून मोकळं केलं. बारीक मुळ्या हातानंच उपटल्या. सुंदर दिसायला लागलं. गोल भोक, मधोमध, आजूबाजूला लाल माती. स्टेजच्या मागं एकाच रंगाचा पडदा लावला की कसं उठतं, तसं. समोर एक वाळकी काटकी रोवली, बसायला.

लांब जाऊन थांबलो. पक्षी आला. आधी घाबरला, दोनदा फिरून गेला, मग माझ्या काटकीवर बसला. माझ्या काटकीवर. मी मोबाईलवर काढला, निळा ठिपका आलाय फक्त, पण शैलेशभाऊंना दाखवला तर ते गल्ल्यावरनं उठले. गल्ल्यावरनं ते कुणासाठी उठत नाहीत. म्हणाले, गोरख, तू आर्टिस्ट आहेस.

आईला फोन केला. ती म्हणाली, कोणाच्या लग्नाचा फोटो काढलास आज? म्हणलं, लग्नाचा नाही, घरभरणीचा. तिला वाटलं खरंच कुणाची घरभरणी.

१३ जुलै, रविवार

सहल झाली. रात्रीपासून पाऊस कोसळत होता, तरी सगळी आली. रेनकोट घातलेली माणसं सारखीच दिसतात, त्यातल्या आशालताबाई लक्षात राहिल्या, रिटायर शिक्षिका, गळ्यात दुर्बीण. शैलेशभाऊंनी गेटवर भाषण केलं. मी तीन दिवस शोधून हे घरटं काढलं, म्हणाले. मी म्हणजे ते.

गोमा नेमका त्या वेळी शाळेच्या पोरांची बस मोजत होता. आम्ही वाट सोडून खाली उतरलो ते त्याला दिसलं नाही.

मला वाटलं होतं आज तरी दुसरा कॅमेरा मिळेल. तो कल्पेशच्या गळ्यात. कल्पेश म्हणजे शैलेशभाऊंचा मेहुणा, त्याला लेन्सचं झाकण काढायचं आठवत नाही. मी विचारलं तर म्हणाले, त्याचा हात बसू दे जरा, तुझं आहेच की. आणि मला छत्री दिली. मी मोठ्या कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा. छत्रीच्या मागं उभं राहिलं की समोरचं काही दिसत नाही, शैलेशभाऊंची मान दिसते. दोन वर्षं मी ती मान बघतोय.

पक्षी आला. काटकीवर बसला, चोचीत सरडा. सगळ्यांचे कॅमेरे कडकड कडकड. पक्षी बसूनच राहिला. उडाला, परत आला, परत बसला, सरडा तसाच चोचीत. लोक खूश. आशालताबाईंनी विचारलं, तो आत का जात नाही हो? शैलेशभाऊ म्हणाले, पोझ देतोय, मॅडम. सगळे हसले. मी पण हसलो.

आम्ही निघेपर्यंत तो सरडा चोचीतच होता.

गाडीत बसताना सगळ्यांनी शैलेशभाऊंचे हात हातात घेतले. पुढच्या रविवारी आणखी एक तुकडी ठरली. मला कल्पेशनं त्याचा चिखलाचा बूट धरायला दिला.

१५ जुलै, मंगळवार

डोकं फिरलंय. शैलेशभाऊंना आज सरळ विचारलं, कॅमेऱ्याचं काय. म्हणाले, विषय डोक्यात आहे. विषय डोक्यात आहे म्हणजे हातात नाही. नोकरी सोडावी असं वाटलं, पण सोडून कुठं जायचं, गावाकडं फोटोग्राफर म्हणून जायचं आणि कॅमेरा कुठाय विचारलं तर?

संध्याकाळी खोलीवर आलो तर भिंत पडलेली. सगळी नाही. मी जिथला झाप काढला होता तिथलीच, खिडकीखालची, बैलाच्या पाठीएवढी माती आतल्या अंगाला उतरून माझ्या गादीवर बसली होती. उशी मातीखाली. आत झोपलो असतो तर मी पण.

मला वाटलं गुणाबाई आता सामान रस्त्यावर टाकतात. पण त्यांनी घमेलं आणलं, माती भरायला लागल्या. मी पण लागलो. बराच वेळ झाल्यावर म्हणाल्या, "माती पावसानं पडत नाय रं. तिच्यावरचं काढलं का मग पडते. तिच्या अंगावर काय होतं ते बघायचं आदी."

मी घमेलं घेऊन उभा राहिलो. हातात लाल माती होती. तशीच माती मी शुक्रवारी नखांतून काढली होती, कड्याची.

जेवण गेलं नाही. बाई म्हणाल्या भिंतीचं मनाला लावून घेऊ नको. म्हणलं, भिंतीचं नाही.

१६ जुलै, बुधवार

पहिल्या एसटीनं गेलो. शैलेशभाऊंना फोनवर ताप म्हणून सांगितलं.

भोक अर्धं बुजलंय. वरची माती ओघळून दारात बसलीय, वरनं पाण्याची धार सरळ तोंडात. आधी गवतावरनं, मुळ्यांवरनं ते पाणी पुढं ठिबकत होतं, कौलाच्या वळचणीसारखं. ती वळचण मी कात्रीनं कापली आणि शैलेशभाऊंनी मला आर्टिस्ट म्हणलं.

आत बारीक किरकिर चालू होती. जिवंत आहेत.

दोन बोटांनी दारातली माती काढली. मग रविवारपासून माझ्याकडंच राहिलेली स्टुडिओची छत्री उघडून भोकावर धरली. धार थांबली. पक्षी आला, समोरच्या दगडावर बसला, खेकडा चोचीत, आणि बसूनच राहिला. मला वाटलं, आता ये की, मी तुझ्यासाठीच उभा आहे. येईना. छत्री घेऊन मी लांब गेलो की धार सुरू, जवळ आलो की तो लांब. असं किती वेळ केलं. शेवटी मला त्याचाच राग आला. त्याच्या भल्यासाठीच चाललंय ते मी त्याला सांगू कसं?

मागनं गोमाचा आवाज आला. "कोन रं तो? वर ये."

मी वर गेलो नाही, तोच खाली आला. कापलेल्या मुळ्या बघितल्या, काटकी बघितली. विचारलं, कोणी केलं. म्हणलं, मी. त्यानं माझी गच्ची धरली. म्हणाला, साहेबांकडं चल, घरटं मेलं तर मला विचारतील, तू कुठं होतास म्हणून. मी म्हणलं, चल, पण आधी हे झाकू दे.

"छत्रीनं झाकतोस? तू हाईस तवर तो येनार नाय. तू गेलास का छत्री वाऱ्यानं जानार. आनि प्लास्टिक हितं ठेवायचं नाय."

म्हणलं, प्लास्टिक नाही. झाप आणतो.

"नारलाचा?"

"होय."

त्यानं गच्ची सोडली. आमच्याकडं पेंढा लावतात भिंतीला, म्हणाला. मग कापलेली एक मुळी उचलून माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाला, आज संध्याकाळच्या आत आण, नाही तर साहेब.

मी पनवेलला आलो. गुणाबाई बाजारातनं यायच्या होत्या. मी सोडलेला झाप पडवीत गुंडाळलेला तसाच होता, त्यांनी अजून भिंतीवर लावला नव्हता, भिंत वाळू देत होत्या. न विचारता घेणार होतो, पण मग वाट बघत बसलो. त्या आल्यावर सगळं सांगितलं. पाखराच्या घराला पाहिजे म्हणलं.

"पाखराला?"

"हो."

"माज्या घराचं काय?"

त्यांनी झाप उलगडला, कोयत्यानं मधोमध कापला आणि छोटा तुकडा माझ्याकडं टाकला. म्हणाल्या, मोठा घराला, बारका पाखराला, आणि रविवारी तू झावळ्या आणून नवीन विणायचास. मला विणता येत नाही म्हणलं तर म्हणाल्या, काढता येतो तर विणता पण येईल.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, हे काय, कोंबड्या झाकायचं? म्हणलं, हो. तिकीट माझं एकट्याचंच घेतलं.

गोमानं वरून धरलं, मी खालून. कड्याच्या माथ्यावर चार खुंट्या ठोकल्या, झाप बांधला, पुढं तिरपा, पाणी पुढं पडेल असा. काटकी उपटली. भोक आता मुळीच दिसत नाही. शैलेशभाऊ काय, मला स्वतःला दिसत नाही.

खुंटी ठोकताना हेच डोक्यात होतं. रविवारची तुकडी ठरलीय. झाप असला तर फोटो नाही, फोटो नसला तर कॅमेरा नाही.

गोमा म्हणाला, आता चल, थांबायचं नाय. मी म्हणलं, येतो का बघू. तो म्हणाला, तुला बघायचं असलं का तो येत नाय. चल.

१८ जुलै, शुक्रवार

पाऊस. स्टुडिओत पासपोर्ट फोटो. शैलेशभाऊंनी खंड्याचा फोटो मोठा करून काचेला लावलाय. काटकीवर बसलेला, चोचीत सरडा. येणारा प्रत्येक माणूस थांबतो, वा म्हणतो. मला तो सरडाच दिसतो.

भाऊंना सांगावं की नाही. सांगितलं तर ते झाप काढायला लावतील. न सांगितलं तर रविवारी कळेलच. आज दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहा आणायला गेलो.

२० जुलै, रविवार

तुकडी मोठी होती. पाऊस भुरभुर. गेटवर गोमानं माझ्याकडं ओळख नसल्यासारखं बघितलं. पिशवी मात्र माझीच नीट तपासली. आत कात्री नव्हती.

रविवारच्या गर्दीत गोमा गेटवरच अडकला, आम्ही वाट सोडून ओढ्याजवळ आलो. भाऊंनी लोकांना वरच थांबवलं आणि मला घेऊन खाली उतरले, जागा लावायला. कडा बघितला आणि उभेच राहिले.

"हे काय लटकवलंय?"

म्हणलं, झाप.

"कोणी?"

म्हणलं, मी.

ते हळू आवाजात बोलले, वर लोक होते म्हणून. "काढ. दोन मिनिटांत मागचं साफ कर."

दोन वर्षांत मी या वाक्याला थांबलेलो नाही. हात पुढं गेला पण. मग खिशात घातला. खिशात ती मुळी होती, वाळून दोरीसारखी झालेली.

म्हणलं, नाही काढत भाऊ. भिंत पडते.

त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला. मग ते कड्याकडं पाठ करून माझ्यावर सुरू झाले. लोकांना काय तोंड दाखवू, हमखास लिहिलंय, तुला रस्त्यावरनं उचलला, कॅमेरा देणार होतो तुला, आता कॅमेरा विसर, उद्यापासून दुकानाची पायरी चढू नकोस. एकेक शब्द दाबून, दातांतून.

मी ऐकत होतो. आणि त्यांच्या खांद्यावरनं मला दगड दिसत होता.

तो आला. खेकडा चोचीत. दगडावर आपटला, एकदा, परत एकदा. माझ्याकडं बघितलं, भाऊंच्या पाठीकडं बघितलं. गोमा म्हणाला होता बघायचं असलं की येत नाही, म्हणून मी नजर काढली आणि भाऊंच्या तोंडाकडं लावली. तोंडाकडंच. त्यांच्या मिशीत पाण्याचा थेंब होता तो बघत राहिलो. मी नजर हलवली असती तर ते मागं वळले असते आणि तो परत उडाला असता.

डोळ्याच्या कोपऱ्यातनं निळं काही तरी झापाखाली गेलं.

आणि आत पिल्लं ओरडायला लागली, सगळी एकदम, खायला आलं म्हणून. मोठी झालीत, आवाज चांगला बाहेर येत होता. भाऊ बोलता बोलता थांबले, मान थोडी वळली.

मी मोठ्यानं म्हणालो, चुकलं भाऊ. हो भाऊ. माझंच चुकलं. परत नाही करणार. वरच्या लोकांना ऐकू गेलं असेल एवढ्या मोठ्यानं. आत किरकिर थांबेपर्यंत म्हणतच राहिलो.